भुकेतून जन्मलेला बिलंदर : पिकारेस्क कादंबरीची पार्श्वभूमी

खालच्या थरात जन्मलेला, डोक्याने तल्लख असा एक भटका लबाड आपल्या आयुष्याची हकिकत स्वतःच सांगतो, पोटासाठी एक धनी सोडून दुसऱ्याच्या दारी जातो आणि तेवढ्यात सगळा समाज तळातून पाहून घेतो, अशा कथनाला पिकारेस्क कादंबरी म्हणतात. हे नाव ‘पिकारो’ या स्पॅनिश शब्दावरून पडले. त्याच्या व्युत्पत्तीविषयी अभ्यासकांचे एकमत नाही. मात्र सोळाव्या शतकातील स्पेनमध्ये स्वयंपाकघरात वरकाम करणाऱ्या पोऱ्यालाही पिकारो म्हणत, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ‘साहसकथा’ हा शब्द या प्रकाराला मला अपुरा वाटतो, कारण पिकारोला रस्त्यावर आणते ती भूक.

या परंपरेतील पहिली कृती ‘लासारियो दे तोर्मेस’ ही होय. तिच्या लेखकाचे नाव आजही निश्चित झालेले नाही. 1554 साली बुर्गोस, आल्काला, अँटवर्प आणि मेदिना देल काम्पो येथे निघालेल्या तिच्या चार आवृत्त्या उपलब्ध आहेत. त्यांपैकी मेदिनाची प्रत बार्कारोता या गावातील एका घराच्या भिंतीत चिणलेली होती आणि 1992 मध्ये दुरुस्तीच्या वेळी ती सापडली.

सालामांका शहराजवळ तोर्मेस नदीवरच्या गिरणीत जन्मलेल्या लासारोला, म्हणजे शीर्षकातल्या लासारियोला, आई एका आंधळ्या भिकाऱ्याच्या स्वाधीन करते. पुलावरच्या दगडी बैलाला कान लावला तर आतला आवाज ऐकू येईल असे सांगून आंधळा पोराचे डोके त्या दगडावर आपटतो, आणि तिथेच लासारोचे बालपण संपते. पुढचा धनी पाद्री. तो पाव पेटीत कुलपाखाली ठेवतो. तिसरा धनी तोलेदोतील एक खानदानी गृहस्थ असून त्याच्याजवळ तलवार आणि अब्रू यांखेरीज काहीच नाही. जेवल्याचा देखावा करण्यासाठी तो दात कोरत रस्त्याने हिंडतो, आणि लासारो भीक मागून आणलेले तुकडे त्याला खाऊ घालतो. नोकर धन्याला पोसतो आणि त्याची कीवही करतो, हा प्रसंग मला साऱ्या पुस्तकाचा गाभा वाटतो.

हे लिहिले गेले तेव्हा स्पेनमध्ये वाचकांना वीरांच्या अद्भुत कथांचे वेड होते आणि रस्त्यांवर भिकाऱ्यांची गर्दी होती. कास्तीलमध्ये 1540 साली भिकेवर निर्बंध घालणारा कायदा झाला. 1545 मध्ये दोमिंगो दे सोतो आणि हुआन दे रोब्लेस या दोन धर्मपंडितांनी गरिबाला भीक मागत फिरण्याचा हक्क आहे की नाही, यावर परस्परविरोधी ग्रंथ प्रसिद्ध केले. कादंबरीतही तोलेदोची नगरसभा परगावच्या भिकाऱ्यांना शहराबाहेर काढते. भोंदू धर्मसेवकांची चित्रे धर्मसत्तेला सहन झाली नाहीत. 1559 च्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत हे पुस्तक गेले आणि 1573 मध्ये काटछाट होऊनच परत आले.

विशेष म्हणजे ‘पिकारो’ हा शब्द या पुस्तकात कुठेच येत नाही. तो रूढ केला मातेओ आलेमान यांच्या ‘गुस्मान दे आल्फाराचे’ने, ज्याचा पहिला भाग 1599 मध्ये आणि दुसरा 1604 मध्ये निघाला. यात गलबतावर वल्ही मारण्याची शिक्षा भोगणारा गुन्हेगार आपले पूर्वायुष्य सांगतो आणि पानोपानी नीतीचा उपदेशही करतो. या दुसऱ्या पुस्तकामुळे एका सुट्या पुस्तकाचा साहित्यप्रकार झाला, असे मला वाटते. पुढे 1668 च्या सुमारास जर्मन लेखक ग्रिमेल्सहाउझेन यांनी तीस वर्षांच्या युद्धात होरपळलेल्या जर्मनीत, तर 1722 मध्ये इंग्रज लेखक डॅनियल डीफो यांनी ‘मॉल फ्लँडर्स’मध्ये एका स्त्रीच्या तोंडून ही रीत चालवली.

धूर्त नायक त्याआधीही होतेच. मकामा नावाच्या यमकयुक्त अरबी गद्यकथांतला वाक्पटू भामटा होता, आणि आपल्याकडे दंडीच्या ‘दशकुमारचरित’ या संस्कृत गद्यकथेतला अपहारवर्मा चंपानगरीतल्या कंजूष धनिकांची घरे फोडत होता. पण अपहारवर्मा आणि त्याचे सोबती राजवाहन या राजपुत्राचे साथीदार आहेत. भटकंती संपली की सत्ता आणि वैभव त्यांची वाट पाहत असते. लासारोला शेवटी मिळते ती तोलेदोत दवंडी पिटण्याची नोकरी, आणि बायको मिळते ती एका वरिष्ठ पाद्र्याची मोलकरीण. तिच्या आणि त्या पाद्र्याच्या संबंधांविषयी गावात कुजबुज आहे, आणि सारी हकिकत त्याने लिहिली आहे ती त्याच प्रकरणाचा खुलासा मागणाऱ्या कुणा थोर व्यक्तीला उत्तर म्हणून.