नंबर लागला का?

दिवाळीच्या आठवड्यात पुण्याहून नागपूर-अमरावतीकडे निघालेल्या माणसाला एसटी आणि रेल्वेचं भाडं परवडतं, पण जागा मिळत नाही. खासगी बसमध्ये जागा मिळते, पण भाडं ऐकून तो फोन ठेवतो. मग दरवर्षीचा वाद सुरू होतो. कुणी म्हणतं ही लूट आहे, कुणी म्हणतं मागणी वाढली की भाव वाढणारच. २०१८ मध्ये राज्य सरकारने खासगी बसचं भाडं एसटीच्या दीडपटीवर जाऊ नये असं ठरवून दिलं, तरी वाद काही मिटला नाही. पुण्याला हा वाद नवा नाही. त्याचे धडे या गावाने बजाजच्या आकुर्डीच्या कारखान्याबाहेर, स्कूटरच्या रांगेत गिरवले आहेत.

बजाज ऑटोला स्कूटर बनवण्याचा परवाना १९५९ साली मिळाला. इटलीच्या पियाजिओशी असलेला करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये ‘चेतक’ आली. गिऱ्हाईक तयार होतं, कारखाना तयार होता, पण वर्षाला किती स्कूटर काढायच्या ते दिल्लीत ठरायचं. परवान्यात लिहिलेल्या क्षमतेच्या फार पुढे जाणं म्हणजे कायदा मोडणं. माल वाढवायचा नाही आणि भावही वाढवायचा नाही म्हटल्यावर उरते ती रांग. ती दहा-दहा वर्षांवर गेली. साताऱ्याहून महाराष्ट्र स्कूटर्सची ‘प्रिया’ निघू लागली तरी नोंदणीचे नंबर हटेनात. जुनी, वापरलेली स्कूटर नवीपेक्षा महाग विकली जायची, हे आज मुलांना सांगितलं तर त्यांना थाप वाटते.

आमच्या काकांनी नोकरीत कायम झाल्या झाल्या नंबर लावला होता. स्कूटरची त्यांना हौस नव्हती, सायकलवर ते खूश होते. पण ‘लावून ठेव, कामाला येतो’ असं ऑफिसातल्या सगळ्यांनी सांगितलं. आठेक वर्षांनी नंबर लागल्याचं कार्ड आलं, घरात पेढे आले आणि त्याच संध्याकाळी नारायण पेठेतले एक गृहस्थ चहाला आले. कप रिकामे व्हायच्या आत व्यवहार ठरला. स्कूटरची किंमत गृहस्थांनी भरायची आणि वर काकांच्या हातात एक पाकीट. त्या पाकिटातून आत्याच्या लग्नातली भांडी आली. स्कूटर कागदोपत्री पुढे कितीतरी वर्षं काकांच्याच नावावर होती, त्यामुळे एकदा सिग्नल तोडल्याची नोटीसही त्यांनाच आली. सायकलवाल्या काकांना!

ते पाकीट म्हणजेच बाजारभाव. रांग लावली म्हणून तो नाहीसा झाला नव्हता, खिसा तेवढा बदलला होता. एरवी भाव चढला की कारखानदार जादा माल काढतो. इथे चढलेला भाव काकांना मिळाला आणि काका काही स्कूटर बनवत नव्हते. शिवाय रांगेला मागचं दार होतंच. परदेशातल्या भावाने परकीय चलनात पैसे भरले की स्कूटर लवकर दारात.

अर्थशास्त्रात याची नीट मांडणी १९७४ साली झाली. योराम बार्झेल यांनी दाखवलं की रांगेतही किंमत मोजावीच लागते, फक्त ती वेळात. दुकानदाराला दिलेले पैसे निदान दुकानदाराकडे तरी जातात. रांगेत घालवलेले चार तास कुणाच्याच पदरात पडत नाहीत. त्याच वर्षी ॲन क्रूगर यांनी भारत आणि तुर्कस्तानची उदाहरणं घेऊन परवान्यांमागे धावण्यात देशाचं किती नुकसान होतं, याचा अंदाज मांडला.

पण एवढ्यावरून ‘सगळं बाजारावर सोडा’ म्हणणाऱ्यांनी १९४७ आठवावं. रांग आणि रेशन आपण सर्रास एक समजतो. रांगेत जो आधी आला त्याला मिळतं. रेशनमध्ये उशिरा आलेल्याचाही वाटा ठरलेला असतो. दुसऱ्या महायुद्धात मुंबईत १९४३ साली धान्याचं रेशनिंग सुरू झालं ते या दुसऱ्या तत्त्वावर. स्वातंत्र्याच्या वर्षी नेमलेल्या वस्तू-किंमत मंडळावर सनदी अधिकारी ए. डी. गोरवाला आणि गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ होते. भावांवरची आणि वाटपावरची सरकारी नियंत्रणं उठवू नयेत, असा त्यांचा कौल होता. गांधीजींचं मत उलट होतं: नियंत्रणांमुळेच साठेबाजी आणि लाचखोरी वाढते. डिसेंबर १९४७ पासून नियंत्रणं उठत गेली. घाऊक किमतींचा निर्देशांक तीनशेच्या आसपास होता, तो जुलै १९४८ पर्यंत ३९० च्या घरात पोचला, आणि त्याच वर्षी नियंत्रणं परत आणावी लागली. गांधीजींचं लाचखोरीबद्दलचं म्हणणं खोटं नव्हतं, पण भावांबाबत गाडगीळ बरोबर निघाले.

अर्थशास्त्रज्ञ मार्टिन वाइट्झमन यांनी १९७७ मध्ये हा गुंता गणिताने सोडवून पाहिला. गरज सगळ्यांची साधारण सारखी आणि उत्पन्नात मात्र मोठी दरी असेल, तर ठरलेला वाटा बरा. उत्पन्नं जवळपास सारखी आणि गरजा वेगवेगळ्या असतील, तर भाव बरा. ज्वारी पहिल्या प्रकारात बसते. स्कूटर बरीचशी दुसऱ्यात. नाहीतर काकांचा नंबर नारायण पेठेत गेलाच नसता. दिवाळीची बस मात्र दोन्हींत अडकते. वसतिगृहातल्या मुलाला घरी जायची ओढ सगळ्यांत जास्त आणि खिसा सगळ्यांत हलका.

रेल्वेने दोन्ही दगडांवर पाय ठेवून पाहिले. १९९७ मध्ये तत्काळ आलं, जादा पैसे घेऊन पण दर ठरलेला. २०१४ मध्ये मागणीनुसार चढणारं प्रीमियम तत्काळ. आणि १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला आधार पडताळणी, कारण खिडकीपुढच्या रांगेतला एजंट आता संगणकात शिरला होता.

स्कूटरची रांग मोडली ती ना भावाने, ना शिस्तीने. ऐंशीच्या दशकात बजाजचा वाळूजचा कारखाना आला, नव्या कंपन्या आल्या, आणि १९९१ मध्ये बहुतेक उद्योगांचे परवानेच गेले. पुढे चेतक बंदही पडली. ती विजेवर परत आली आणि एप्रिल २०२१ मध्ये पुणे-बंगळूरमध्ये तिचं बुकिंग पुन्हा उघडलं, तेव्हा ते दोन दिवसांत बंद करावं लागलं. पुण्यात परत चेतकसाठी नंबर! या वेळी अडलं होतं ते सुट्या भागांपायी. पण कुणी नंबर विकल्याचं निदान माझ्या कानावर आलं नाही. ज्याला थांबायचं नव्हतं, त्याने दुसऱ्या कंपनीची ई-स्कूटर घेतली.