विमानाचं अंतर वेगळं, प्रवासाचा वेळ वेगळा

बीड किती लांब, असं संभाजीनगरात कुणालाही विचारा. उत्तर किलोमीटरमध्ये येत नाही, ‘तीन तास’ असं येतं. रस्त्यावर हे चालून जातं. विमानाच्या बाबतीत अंतरावरून वेळ काढायला गेलं की हिशोब हमखास चुकतो, आणि लेकराला भेटायला पहिल्यांदाच लंडनला निघालेल्या आईवडिलांचा जीव उगाच टांगणीला लागतो.

नेटवर मुंबई–लंडन अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर दिसतं. पृथ्वीच्या गोलावरचं हे सगळ्यात जवळचं अंतर. मोठं विमान उंचीवर ताशी साधारण ९०० किलोमीटरने जातं, म्हणजे आठ तास झाले. तिकिटावर मात्र जाताना दहाच्या आसपास तास, येताना नऊच्या आसपास. अंतर तर तेच! पण वरच्या हवेत पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, हिवाळ्यात जास्तच. जाताना ते समोरून येतात, येताना मागून रेटतात.

शिवाय विमान त्या जवळच्या रेषेवरूनच जाईल, असंही नाही. २४ एप्रिल २०२५ला पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हवाई हद्द बंद केली आणि दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या त्यांच्या विमानांना दक्षिणेकडून वळसा पडला. दिल्ली–लंडन अंतराचा आकडा तेवढाच राहिला, तास वाढले.

जवळच्या प्रवासात तर ही तफावत आणखी डोळ्यात भरते. चिकलठाणा, म्हणजे संभाजीनगरचा विमानतळ, ते मुंबई हवेतून जेमतेम २८० किलोमीटर, म्हणजे त्या वेगाने वीसेक मिनिटं. तिकिटावर तास-सव्वा तास असतो. धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, खाली उतरणं, मुंबईवर उतरायची परवानगी मिळेपर्यंत घिरट्या, हे सगळं त्यात धरलेलं असतं.

खरी फसगत घड्याळाची. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. समजा, जानेवारीत मुंबईहून दुपारी २ला निघालात आणि लंडनला संध्याकाळी ६.३०ला पोचलात. दिसायला साडेचार तास. पण तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, म्हणून ते मिळवा: दहा तास. परत येताना रात्री ९ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी ११.३०ला मुंबई, दिसतात साडेचौदा, त्यातून साडेपाच वजा करा, राहिले नऊ. मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर तिथली घड्याळं एक तास पुढे असतात, तेव्हा साडेपाचऐवजी साडेचार धरायचे.

आपल्या संभाजीनगरहून लंडनला थेट विमान नाही, त्यामुळे मुंबईतला थांबाही मोजावा लागतो. साइटवर ‘एकूण कालावधी’ लिहिलेला असतो, त्यात तो धरलेला असतो. पण दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर तो आकडा कुठेच दिसत नाही. तेव्हा मुंबईत सामान घेऊन पुन्हा चेक-इन करायचं असतं, कधी टर्मिनलही बदलायचं असतं. त्यासाठी चार-पाच तास हाताशी ठेवा, आईवडील एकटे निघाले असतील तर त्याहून जास्त.