हॅमर भयपट : स्मरणरंजन व जतन

हॅमर भयपट : इंग्लंडमधील हॅमर फिल्म प्रॉडक्शन्स या संस्थेने १९५५ ते १९७६ या काळात काढलेले भयपट. सैल वापरात ॲमिकस आणि टायगॉन या समकालीन संस्थांचे चित्रपटही याच नावाखाली येतात. हे चित्रपट पाहणे, जमवणे, त्यांच्या प्रती ताडून पाहणे आणि मूळ रूपात परत मिळवणे हा ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकापासून चालत आलेला एक छंद आहे, आणि आता तो एक अभ्यासविषयही झाला आहे. प्रस्तुत नोंद मुख्यतः या आस्थेविषयी आणि ती ज्या फिल्मच्या पट्टीवर उभी आहे तिच्याविषयी आहे.

नाव : संस्था नोव्हेंबर १९३४ मध्ये विल्यम हाइंड्स यांनी नोंदवली. ते रंगमंचावर ‘विल हॅमर’ या नावाने विनोदी कामे करीत. हे टोपणनाव लंडनच्या हॅमरस्मिथ या भागावरून आले असे सर्वसाधारणपणे मानतात. १९३५ मध्ये एन्रिके कॅरेरास यांच्यासह ‘एक्स्क्लुझिव्ह’ ही वितरण संस्था निघाली. मूळ हॅमर १९३७ मध्ये दिवाळखोरीत गेली, वितरण संस्था तगली आणि महायुद्धानंतर तिनेच हॅमरला पुन्हा उभे केले. त्यामुळे स्थापनेचे वर्ष काही ग्रंथांत १९३४, तर काहींत १९४९ (कंपनीची नवी नोंदणी) असे आढळते. संस्थेत सातत्य होते हे लक्षात घेता १९३४ हे वर्ष अधिक ग्राह्य वाटते.

ब्रे स्टुडिओ : १९५१ मध्ये संस्थेने थेम्सकाठी ब्रे गावाजवळ डाउन प्लेस हे जुने घर घेतले. हॅमर चित्रपटांचे ओळखीचे रूप या घराच्या लहान आकारातून आले. कलादिग्दर्शक बर्नार्ड रॉबिन्सन एकच जिना, एकच दालन खांब बदलून, पडदे फिरवून, भिंत पुढेमागे सरकवून तीन-चार चित्रपटांत वापरीत. १९६५ मध्ये दोन-दोन चित्रपट पाठोपाठ चित्रित करण्याची रीत पडली. ‘प्लेग ऑफ द झॉम्बीज’ आणि ‘द रेप्टाइल’ यांतील कॉर्नवॉलचे गाव स्टुडिओच्या मागच्या आवारात उभारलेले एकच नेपथ्य आहे. दुसरा चित्रपट नीट पाहिला तर दुकानांच्या बदललेल्या पाट्यांआड पहिल्याच इमारती ओळखू येतात. बाहेरचा वाडा हवा असेल तेव्हा शेजारचे ओकली कोर्ट, आणि ट्रान्सिल्व्हेनियाचे अरण्य हवे असेल तेव्हा पाइनवुड स्टुडिओलगतचे ब्लॅक पार्क वापरले जाई. हीच झाडे आणि हेच तळे वर्षानुवर्षे पडद्यावर आल्यामुळे पाहणाऱ्याला ती आपल्या गावासारखी परिचयाची झाली. चित्रीकरण १९६६ मध्ये ब्रेहून हलले. त्यानंतरच्या चित्रपटांत ती घट्ट, बंदिस्त वीण राहिली नाही, असे बहुतेक जाणकार म्हणतात आणि ते पटते.

रंग आणि प्रमाणपत्र : ब्रिटिश सेन्सॉर मंडळाने १९५१ मध्ये ‘एक्स’ प्रमाणपत्र आणले. तेव्हा त्यासाठी वयाची अट १६ होती, ती १९७० मध्ये १८ झाली. १९५५ मध्ये हॅमरने ‘द क्वाटरमास एक्सपेरिमेंट’ या नावातील स्पेलिंगच बदलून ‘एक्स’ हे अक्षर जाहिरातीत पुढे आणले. १९५७ च्या ‘द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ने रंग आणला. दिग्दर्शक टेरेन्स फिशर, पटकथाकार जिमी सँगस्टर, छायालेखक जॅक ॲशर, संगीतकार जेम्स बर्नार्ड आणि पीटर कुशिंग व ख्रिस्तोफर ली ही जोडी या चित्रपटात एकत्र आली. अमेरिकेतील युनिव्हर्सल या संस्थेच्या १९३१ च्या चित्रपटातील राक्षसाशी चेहरा जुळला तर खटल्याची भीती होती. म्हणून रंगभूषाकार फिल लीकी यांनी सपाट माथा आणि मानेतील खुंट्या टाळून फाटक्या, शिवलेल्या कातडीचा चेहरा रंगवला.

रंगभूषेच्या रक्ताविषयी एक समज खोलवर रुजला आहे. ‘केन्सिंग्टन गोर’ हे लंडनच्या एका रस्त्याचे नाव. ‘गोर’ म्हणजे साकळलेले रक्तही, म्हणून त्या नावाचे तयार नकली रक्त विकले जाई. ते डॉर्सेटमधील एका निवृत्त औषधविक्रेत्याने बनवले, आणि त्याचे उत्पादन १९६०-७० च्या दशकांतले मानले जाते. पुष्कळ लेखांत १९५७-५८ च्या चित्रपटांतील रक्तही हेच असल्याचे सांगतात. कालक्रम पाहता ते मान्य करणे अवघड आहे. हे नाव पुढे सर्वच नकली रक्ताला लागले, आणि तेच नंतर मागच्या चित्रपटांवरही चिकटवले गेले असावे. प्रचलित कृती अशी : दोन भाग गोल्डन सिरप (साखरेचा घट्ट पाक), एक भाग पाणी, खाण्याचा लाल रंग, गडदपणासाठी निळ्याचे दोन-तीन थेंब आणि दाटपणाला थोडे कॉर्नफ्लोअर. कॉर्नफ्लोअर आधी गार पाण्यात कालवावे लागते. गरम मिश्रणात थेट टाकले तर गुठळ्या होतात आणि कॅमेऱ्याला त्या लगेच दिसतात. निळा जास्त पडला तर रक्त जांभळट दिसते. कपड्यावरचा डाग सहसा जात नाही, म्हणून एकाच पोशाखाच्या दोन-तीन प्रती तयार ठेवाव्या लागतात.

‘ड्रॅक्युला’च्या आवृत्त्या : १९५८ चा ‘ड्रॅक्युला’ (१९३१ च्या चित्रपटाशी गोंधळ नको म्हणून अमेरिकेत ‘हॉरर ऑफ ड्रॅक्युला’) हा या सगळ्या आस्थेचा गाभा आहे. बर्नार्ड यांच्या संगीतातील तीन स्वरांचा मुख्य आघात ‘ड्रॅ-क्यु-ला’ या तीन अक्षरांवर बांधलेला आहे. शेवटच्या प्रसंगात उन्हाने काउंट ड्रॅक्युलाचे शरीर झडते. त्यातील काही क्षण आणि मीना या पात्राच्या शयनगृहातील प्रसंगाचा काही भाग ब्रिटिश सेन्सॉरने कापला. जपानमध्ये अधिक उग्र प्रत दाखवली गेली, ही गोष्ट पुढची कित्येक दशके चाहत्यांत दंतकथेसारखी फिरत होती. काहींनी तर ब्रिटन, अमेरिका आणि जपान यांच्यासाठी प्रत्येक प्रसंग तीनदा चित्रित झाल्याचे लिहिले. एवढ्या कमी खर्चात तीन वेळा चित्रीकरण करणे हॅमरला परवडणारे नव्हते. एकदा चित्रित केलेल्या साहित्याला देशागणिक वेगळी कात्री लागली, हे मत अधिक सयुक्तिक आहे.

पुरावा २०११ मध्ये मिळाला. टोकियोत राहणाऱ्या एका ब्रिटिश चाहत्याच्या चिकाटीमुळे तेथील राष्ट्रीय चित्रपट केंद्रात जपानी प्रत सापडली. १९८४ मध्ये त्या केंद्राला आग लागली होती. एकूण नऊ रिळांपैकी पहिली पाच नष्ट झाली होती, ६ ते ९ ही रिळे खराब अवस्थेत उरली होती. ३५ मिमी फिल्म सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे मिनिटाला ९० फूट धावते. सुमारे ८२ मिनिटांचा हा चित्रपट साधारण ७,४०० फूट भरतो, आणि १,००० फुटी रीळ पुरे भरले तर ११ मिनिटे चालते. उरलेल्या चार रिळांत चित्रपटाचा उत्तरार्ध आला, आणि सुदैवाने कापलेले दोन्ही प्रसंग त्यातच होते. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २००७ मध्ये केलेल्या पुनरुज्जीवनात हे तुकडे जोडून २०१३ मध्ये ब्लू-रे निघाली. काउंट बोटांनी स्वतःचा चेहरा ओरबाडतो ते दृश्य तेव्हा पुन्हा पाहायला मिळाले. पहिल्या पाच रिळांतील फरक मात्र या प्रतीवरून ताडता येत नाहीत.

याच ब्लू-रेच्या रंगावरून वाद झाला : चित्र फार गडद आणि निळसर आहे, अशी तक्रार होती. वाद समजण्यासाठी दोन प्रकारच्या प्रतींतला फरक माहीत हवा. ईस्टमनकलर प्रतीत तिन्ही रंगद्रव्ये फिल्मच्याच थरांत रासायनिक क्रियेने तयार होतात. १९८०च्या दशकाच्या आरंभापर्यंतच्या अशा प्रतींत निळसर-हिरवे द्रव्य सर्वांत आधी विरते, अगदी अंधारात ठेवली तरी. मग सगळे चित्र गुलाबी-तांबूस होते. टेक्निकलरच्या द्रव्य-ठसा पद्धतीत तीन साच्यांवरून तीन पक्की द्रव्ये छापखान्यासारखी एकामागून एक उमटवली जात; या प्रती आजही ताज्या दिसतात. लंडनमधील ही छपाई १९७८ मध्ये थांबली. हातातली प्रत कोणती हे ओळखायला भिंगाखाली कडेची ध्वनिपट्टी पाहावी : द्रव्य-ठशाच्या प्रतीत ती चांदीची, राखाडी-काळी असते. विरलेल्या ईस्टमन प्रतीत कडाही तांबूस झालेली असते. काठावरील कोडॅकच्या वर्तुळ, चौकोन, त्रिकोण या खुणांवरून फिल्म बनल्याचे वर्ष काढतात, पण त्या खुणा वीस वर्षांनी पुन्हा येतात. १९५८ आणि १९७८ ची खूण एकच, म्हणून केवळ खुणेवर विसंबू नये. ॲशर यांची प्रकाशयोजना जांभळ्या, हिरव्या, अंबर अशा ठळक रंगछटांची होती. त्या काळची चांगली टेक्निकलर प्रत हाच रंगाचा मापदंड धरावा, याकडे प्रस्तुत नोंदीचा कल आहे.

निळ्या रंगाचे एक खरे कारणही आहे. रात्रीचे बाहेरचे प्रसंग पुष्कळदा दिवसा चित्रित होत : लेन्समधून येणारा प्रकाश दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे निम्मा प्रकाश) कमी करायचा, आकाश चौकटीबाहेर ठेवायचे आणि प्रयोगशाळेत प्रत छापताना निळी झाक द्यायची. ही झाक निगेटिव्हमध्ये नसते, ती छपाईच्या सूचनांत असते. दूरचित्रवाणीसाठी निगेटिव्हवरून सरळ उजेडी प्रत काढली की रक्तपिपासू भर दुपारी फिरताना दिसतो. उलट सगळ्याच दृश्यांना तीच झाक दिली तर घरातल्या मेणबत्त्यांचा पिवळा रंग मरतो. रंगतंत्रज्ञाला हा निवाडा प्रत्येक दृश्यासाठी वेगळा करावा लागतो.

चौकट हा दुसरा प्रश्न. १९५०च्या दशकाच्या मध्यानंतर फिल्मवर जवळपास चौरस (१.३७:१) चित्र घेतले जाई आणि चित्रगृहात यंत्रातील पट्टीने वरखाली झाकून ते रुंद (१.६६:१) केले जाई. दूरचित्रवाणीने झाकण काढले. त्यामुळे डोक्यावर रिकामी जागा, कधी मायक्रोफोनची सावलीही दिसू लागली. एका पिढीला चित्रपट तसाच आठवतो. २०१२ च्या ‘कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन’च्या ब्रिटिश ब्लू-रेत म्हणून दोन्ही चौकटी दिल्या आहेत, आणि हा तोडगा योग्य म्हणावा लागेल.

आस्थेचा उगम : हे स्मरणरंजन चित्रगृहातून कमी आणि दूरचित्रवाणीवरून अधिक आले. बीबीसी २ ने १९७५ पासून उन्हाळ्यात शनिवारी रात्री उशिरा भयपटांच्या जोड्या दाखवल्या : बहुधा आधी १९३०-४० च्या दशकांतला अमेरिकी कृष्णधवल चित्रपट, मागून हॅमरचा रंगीत. ज्यांना चित्रगृहाच्या दारात वयावरून अडवले असते ती मुले घरी जागून ते पाहत. घरोघरी व्हिडिओ टेप नव्हती, चित्रपट पुन्हा कधी लागेल ते सांगता येत नसे, म्हणून मासिके, छायाचित्रे आणि आठवण यांवरच भागवावे लागे. डेव्हिड पिरी यांच्या १९७३ च्या ग्रंथाने गॉथिक भयपट हा ब्रिटनचा स्वतःचा चित्रपटप्रकार आहे अशी मांडणी केली, आणि या आवडीला अभ्यासाची प्रतिष्ठा मिळाली. लेखक-अभिनेते मार्क गेटिस (जन्म १९६६) यांच्यासारखे पुढचे निर्माते याच पिढीतले. जून २००८ मध्ये रॉयल मेल या ब्रिटिश टपालसेवेने काढलेल्या सहा टपाल तिकिटांपैकी तीन हॅमरची होती.

‘लोकभयपट’ (इंग्रजी ‘फोक हॉरर’) ही संज्ञा : ‘विचफाइंडर जनरल’ (१९६८), ‘ब्लड ऑन सेटन्स क्लॉ’ (१९७१) आणि ‘द विकर मॅन’ (१९७३) या ग्रामीण, जुन्या श्रद्धांवर बेतलेल्या तीन चित्रपटांना आज हे नाव देतात. यांतला एकही हॅमरचा नाही. यांतील दुसऱ्या चित्रपटाचे दिग्दर्शक पीअर्स हॅगार्ड यांनी २०००च्या दशकात मुलाखतीत हा शब्द वापरला आणि गेटिस यांच्या २०१० च्या बीबीसी मालिकेने तो सर्वतोमुखी केला, असा समज आहे. मात्र त्याच चित्रपटाच्या चित्रीकरणाचा वृत्तांत देताना ‘किने वीकली’ या व्यवसायपत्राने १९७० मध्येच तो वापरला होता. तेव्हा संज्ञा हॅगार्ड यांनी घडवली म्हणण्यापेक्षा प्रसृत केली म्हणणे बरे.

जतन : ॲसिटेट या प्लास्टिकवर काढलेल्या फिल्मला दमट उष्णतेत व्हिनेगरसारखा वास येऊ लागतो, पट्टी आक्रसते, वाकते, यंत्रात छिद्रे फाटतात. ही आम्लक्रिया एकदा सुरू झाली की स्वतःच वेग घेते. वास येणारे रीळ इतरांपासून लगेच वेगळे करावे, गंजलेला डबा बदलावा, डब्यात रंग बदलणारी आम्लदर्शक पट्टी ठेवून अवस्था पाहावी, आणि प्रत ताणून न गुंडाळता आडवी ठेवावी. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या वॉरिकशरमधील गेडन येथील कोठारात उणे ५ अंश सेल्सिअस आणि ३५ टक्के आर्द्रता राखतात. थंड कोठारातून काढलेला डबा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये. नाहीतर फिल्मवर दव धरते. हॅमरच्या पटकथांचा संग्रह लेस्टरच्या डी माँटफर्ट विद्यापीठात आहे.

भारताशी संबंध : फिशर यांचा ‘द स्ट्रँगलर्स ऑफ बॉम्बे’ (१९५९) ठगांवर आहे, नावात मुंबई असली तरी तो कृष्णधवल चित्रपट ब्रेमध्येच झाला, आणि ठगांचा खरा वावर मुख्यतः मध्य भारतातला होता. मुंबईच्या रॅमसे बंधूंच्या हिंदी भयपटांवर हॅमरची छाप स्पष्ट आहे. ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ (१९७२) महाबळेश्वरला चित्रित झाला. धुके आणि वसाहतकालीन बंगला या सामग्रीने ब्लॅक पार्कचे काम केले. ‘बंद दरवाज़ा’ (१९९०) ही त्यांची ड्रॅक्युलाकथा. १९७०च्या दशकात हॅमरनेही भारतात घडणाऱ्या ड्रॅक्युलाची पटकथा संस्थेचे निर्माते-पटकथाकार ॲन्थनी हाइंड्स यांच्याकडून लिहून घेतली होती. वॉर्नर ब्रदर्सचे भारतात अडकलेले रुपये त्यावर खर्चायचे होते. चित्रपट निघाला नाही. २०१७ मध्ये बीबीसी रेडिओ ४ ने ती पटकथा श्रुतिका म्हणून सादर केली.