तेलसंभाव्य दुर्गम सार्वजनिक जमिनींचे नियोजन

जमिनीखाली खनिज तेल किंवा नैसर्गिक वायू सापडण्याची शक्यता आहे, पण ज्या वस्ती, रस्ते आणि बाजारपेठ यांपासून लांब आहेत, अशा सरकारी मालकीच्या जमिनींपैकी किती भाग तेलशोधासाठी खुला करायचा, किती राखून ठेवायचा आणि खुल्या भागातील कामाला कोणत्या अटी घालायच्या, हे भाडेपट्टे देण्याआधी ठरविण्याची प्रक्रिया म्हणजे तेलसंभाव्य सार्वजनिक जमिनींचे नियोजन होय. सार्वजनिक जमीन या संज्ञेत बेळगाव सीमाभागातील वाचकाच्या परिचयाचे बरेच काही येते : खानापूर तालुक्यातील राखीव जंगल, गावोगावची गायराने, मुलकी खात्याची पड जमीन, धरणांच्या जलाशयांभोवतीचे संपादित पट्टे. कागदोपत्री या जमिनी सरकारच्या असल्या तरी त्यांवर गुरे आणि मेंढरे चरतात, तेथून जळण व मध येतो, ओढे-नाले तेथेच उगम पावतात. म्हणून त्या रिकाम्या आहेत असे गृहीत धरून केलेली योजना टिकत नाही.

या नियोजनातील मूळ पेच असा की जमिनीखालची माहिती अंदाजाची असते आणि जमिनीवरची बरीचशी खात्रीची. तेल आहे की नाही हे शेवटी विहीर खोदल्यावरच कळते. त्याआधी हाती असतात ते भूकंपलहरींच्या सर्वेक्षणाचे (जमिनीला कृत्रिम हादरे देऊन खालचे थर ओळखण्याचे) आलेख, शेजारच्या क्षेत्रांवरून बांधलेले आडाखे आणि शक्यतेच्या भाषेत मांडलेले आकडे. उलट कोणत्या पाणवठ्यावर कोणते प्राणी कधी येतात, कोणत्या वाटेने कळप जातात, कोणत्या गावाचे पोट कशावर चालते, हे पाहून आणि विचारून समजते. योजनेचा कस म्हणूनच तेलाच्या अंदाजापेक्षा जमिनीवरील माहिती किती बारकाईने गोळा केली आहे यावर लागतो.

या विषयातील सर्वांत अभ्यासलेले उदाहरण अमेरिकेतील अलास्का राज्याच्या उत्तर उतारावरील राष्ट्रीय पेट्रोलियम राखीव क्षेत्राचे आहे. 1923 मध्ये राष्ट्राध्यक्ष वॉरन हार्डिंग यांनी नौदलाच्या इंधनाची सोय म्हणून ते राखून ठेवले. त्याचे क्षेत्र सुमारे 2.3 कोटी एकर, म्हणजे बेळगाव जिल्ह्याच्या जवळजवळ सातपट आहे. 1976 च्या कायद्याने ते नौदलाकडून अंतर्गत खात्याकडे, म्हणजे केंद्राच्या जमिनी सांभाळणाऱ्या खात्याकडे आले आणि त्याचा भूव्यवस्थापन विभाग त्याचा कारभार पाहू लागला. त्याच कायद्याने टेशेकपुक सरोवर, उटुकोक नदी यांसारख्या भागांत तेलशोध करताना वन्यजीव व पृष्ठभागावरील इतर मूल्यांना जास्तीत जास्त संरक्षण द्यावे असे बंधन घातले, तर 1980 मध्ये अमेरिकी संसदेने स्पर्धात्मक लिलावाने भाडेपट्टे देण्याचा कार्यक्रम लवकर राबवावा असा आदेश दिला. एकाच जमिनीवर राखण्याचा आणि काढण्याचा असे दोन्ही आदेश कायम आहेत आणि पुढचा सारा वाद या दोहोंच्या मधल्या जागेत झाला आहे. राखीव क्षेत्राच्या हद्दीत व्यापारी प्रमाणावर तेल प्रथम निघाले ते 2015 मध्ये, म्हणजे ते राखून ठेवल्यानंतर 92 वर्षांनी. एवढ्या लांब पल्ल्यावर काम करणाऱ्या योजनेला तेलाच्या एखाद्या वर्षीच्या भावावर बेतून चालत नाही.

जमिनीखालच्या अंदाजांची चंचलता तेथे ठळकपणे दिसली. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने 2002 मध्ये या क्षेत्रात न सापडलेले, पण काढता येण्याजोगे सुमारे 1,060 कोटी बॅरल तेल असावे असा सरासरी अंदाज दिला. प्रत्यक्ष खोदाईत तेलाऐवजी वायू लागू लागल्यावर 2010 मध्ये तो 89.6 कोटी बॅरलवर आणला गेला. पुढे नानुशुक या खडकस्तरात मोठे साठे सापडले आणि 2017 मध्ये हे क्षेत्र व लगतचा प्रदेश मिळून 870 कोटी बॅरलचा नवा अंदाज आला. पंधरा वर्षांत आकडा आधी जवळजवळ बाराव्या हिश्शावर गेला आणि पुन्हा जवळजवळ मूळ पातळीला आला. त्या काळात टेशेकपुक सरोवराकाठी पिसे झडण्याच्या काळात येणारे हंस आणि तेथेच पिल्ले घालणारे कॅरिबू हरणांचे कळप मात्र त्याच जागी येत राहिले.

योजना तयार करण्याची रीत ठरलेली आहे. प्रथम जमिनीची, पाण्याची, प्राण्यांची आणि माणसांच्या वापराची नोंद होते. मग तीन-चार किंवा अधिक पर्याय मांडले जातात, त्यांत ‘आहे तसेच चालू ठेवणे’ हा एक पर्याय असावाच लागतो. 1969 च्या राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्यानुसार प्रत्येक पर्यायाचे परिणाम आघात-निवेदनात लिहिले जातात, मसुद्यावर लोकांच्या हरकती घेतल्या जातात, गावांत सुनावण्या होतात आणि शेवटी निर्णयपत्र निघते. अलास्कातील ग्रामीण रहिवाशांच्या निर्वाहावर, म्हणजे शिकार, मासेमारी आणि वेचणीवर, काय परिणाम होईल याचे वेगळे मूल्यमापन 1980 च्याच दुसऱ्या एका कायद्याने सक्तीचे केले आहे. नुइक्सुट या इनुपियात लोकांच्या (तेथील मूळ रहिवाशांच्या) गावाच्या आसपास तेलाची कामे जसजशी वाढली, तसतसे हे मूल्यमापन केवळ परिशिष्ट न राहता वादाचा गाभा बनले.

निर्णयपत्रातील खरी ताकद नकाशावरील रंगांपेक्षा अटींत असते. काही भाग भाडेपट्ट्यासाठी बंदच राहतो. काही भागात भाडेपट्टा मिळतो, पण पृष्ठभागावर काहीही उभारता येत नाही, तेल शेजारच्या जागेतून तिरप्या विहिरीने काढावे लागते. नद्यांच्या काठापासून ठरावीक अंतर सोडावे लागते. हरणांच्या विणीच्या काळात वाहतुकीवर मर्यादा येतात. यांपैकी हिवाळी वाहतुकीची अट जवळून पाहण्यासारखी आहे. तेथील टुंड्रा जमिनीच्या वरच्या थराखाली कायम गोठलेली माती असते. उन्हाळ्यात जड वाहन गेले की वरची शेवाळी साय फाटते, ऊन आत पोचते, खालचे बर्फ वितळून चाकोरीची खाच होते आणि तिच्यात पाणी साचून ती वर्षानुवर्षे रुंदावत जाते. म्हणून जमीन पुरेशी गोठल्यावर आणि तिच्यावर पुरेसा बर्फ बसल्यावरच यंत्रे हलवू देतात. सरोवरांतील पाणी शिंपडून त्याचा बर्फाचा रस्ता करतात, जो वसंतात वितळून जातो. पण त्यासाठी कोणत्या सरोवरातून किती पाणी उपसायचे यालाही मर्यादा असते, कारण त्याच पाण्यात मासे हिवाळा काढतात. चांगली अट कशी असते हे यावरून कळते : ती जमिनीच्या स्वभावातून निघते, हंगामाला बांधलेली असते आणि पाळली की नाही हे जागेवर जाऊन तपासता येते.

या प्रक्रियेची उणीवही तेथेच दिसते. 2013 च्या योजनेने सुमारे 1.18 कोटी एकर, म्हणजे जवळजवळ निम्मे क्षेत्र भाडेपट्ट्यांसाठी खुले ठेवले. 2020 मध्ये ते 1.86 कोटी एकरांवर नेले गेले, 2022 मध्ये पुन्हा 2013 च्या पातळीवर आणले गेले आणि 2025 च्या कायद्याने लिलाव पुन्हा 2020 च्या धोरणाप्रमाणे घेण्याचे ठरविले. प्राण्यांविषयीची माहिती या काळात फारशी बदलली नव्हती. बदलले ते वॉशिंग्टनमधील सरकार. भाडेपट्टे एकदा दिले की मात्र मागे वळणे अवघड असते. मार्च 2023 मध्ये मंजूर झालेल्या, याच क्षेत्रातील विलो या तेलप्रकल्पात मागितलेल्या पाच खोदाई-तळांपैकी तीनच मान्य झाले, पण प्रकल्प सरसकट नाकारता आला नाही, कारण जुन्या भाडेपट्ट्यांचे हक्क आधीच निर्माण झालेले होते. म्हणून योजना आधी आणि लिलाव नंतर हा क्रम या विषयात सर्वांत महत्त्वाचा मानावा लागतो. 1944 ते 1982 या काळात सरकारने स्वतःच या प्रदेशात 136 विहिरी खोदल्या आणि त्यांपैकी अनेक नीट बंद न करता सोडून दिल्या. त्यांच्या सफाईचे काम पुढे कित्येक दशके पुरले. काम संपल्यावर जमीन पूर्ववत करण्याची अट आणि तिच्यासाठीची अनामत आधीच का घ्यावी, याचे हे उत्तर आहे.

भारतात अशा जमिनींसाठी एकत्रित योजना करण्याची पद्धत नाही. तेलक्षेत्रांचे नियमन हा घटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे केंद्राचा विषय असून त्यासाठी 1948 चा तेलक्षेत्र कायदा आहे. जमिनीवरील क्षेत्रांचे परवाने राज्य सरकार केंद्राच्या पूर्वसंमतीने देते आणि रॉयल्टी राज्याला मिळते. 2016 च्या धोरणानंतर कंपन्या राष्ट्रीय माहिती भांडारातील आलेख पाहून हवा तो भूखंड स्वतः आखून मागू शकतात. जंगलाचा विचार वनखात्याच्या कार्य-आयोजनेत होतो, गायरानाचा मुलकी खात्यात, पाण्याचा पाटबंधारे खात्यात. आखणी करणारा आणि जमीन सांभाळणारा यांची गाठ पडते ती भूखंड ठरून गेल्यावर. सुनावणीची संधीही उशिरा येते : 2006 च्या पर्यावरण आघात अधिसूचनेत जानेवारी 2020 मध्ये झालेल्या दुरुस्तीने तेलशोधाचे काम जनसुनावणी न लागणाऱ्या गटात गेले, उत्पादनाचा टप्पा तेवढा वरच्या गटात राहिला. वनसंवर्धन कायद्याच्या 2023 च्या दुरुस्तीने भूकंपलहरी सर्वेक्षणासह शोधकामे, केंद्राने ठरविलेल्या अटींवर, वनेतर वापर न मानण्याची मुभा दिली. शोध म्हणजे निरुपद्रवी पाहणी, असे यामागचे गृहीतक आहे, आणि ते दाट जंगलात लागू पडत नाही. तेथे सर्वेक्षणासाठी सरळ पट्टे तोडावे लागतात, स्फोटकांसाठी भोके पाडावी लागतात आणि तोडलेल्या पट्ट्यांच्या कालांतराने वाटा होतात. उत्पादनाच्या टप्प्यावरील धोका आसामातील बाघजान येथे दिसला. 27 मे 2020 रोजी तेथील विहिरीतून वायूचा उद्रेक झाला, 9 जूनला आग लागली आणि ती नोव्हेंबरपर्यंत पूर्ण विझली नाही. शेजारी मागुरी-मोटापुंग पाणथळ आणि दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यान होते.

बेळगाव सीमाभागाचा या विषयाशी संबंध केवळ तुलनेपुरता नाही. भारतातील 26 गाळखडक-खोऱ्यांच्या अधिकृत यादीत भीमा-कलादगी खोरे आहे आणि त्यातील कलादगी खोऱ्याचा पश्चिम भाग गोकाक, सौंदत्ती, रामदुर्ग या तालुक्यांत येतो. घटप्रभा नदी गोकाकजवळ जेथे सुमारे 52 मीटर खाली कोसळते तो कडा याच खडकांचा आहे, आणि मलप्रभेवरील नवीलतीर्थ धरण ज्या खिंडीत बांधले आहे तीही याच खडकांनी घडवली आहे. हे खडक जमिनीवर प्राणी व वनस्पती येण्याच्या फार पूर्वीचे आहेत. इतक्या जुन्या खडकांत तेल क्वचित मिळते, तरी ओमान आणि पूर्व सायबेरिया येथे ते मिळालेले आहे; म्हणून हे खोरे तिसऱ्या, म्हणजे केवळ संभाव्य संपत्तीच्या गटात ठेवले आहे. चिकोडी-निपाणीकडे जाताना हे खडक दख्खनच्या बसाल्टखाली झाकले जातात आणि बसाल्टच्या जाड थरांतून खालचे चित्र स्पष्ट मिळत नाही. या गटातील भूखंडांसाठी 2019 च्या सुधारणांनंतर बोली मुख्यतः शोधकामाच्या कार्यक्रमावर लागते, उत्पन्नातील वाटा एरवी द्यावा लागत नाही. थोडक्यात, संभाव्यता कमी आणि अटी सैल अशी येथील स्थिती आहे, आणि नियोजनाला अनुकूल काळ नेमका हाच असतो, कारण अजून कोणाचे हक्क निर्माण झालेले नाहीत.

गोकाक-सौंदत्ती-रामदुर्गकडील सार्वजनिक जमीन बहुतांशी खुरट्या झुडपांची माळराने आणि गायराने आहे. पावसाळ्यानंतर मेंढपाळांचे कळप त्यांवर उतरतात, सुगीनंतर शेतात बसतात आणि चारा संपला की पुढे सरकतात. हा वापर सातबारासारख्या उताऱ्यावर दिसत नाही, त्यामुळे कागद पाहून केलेल्या नोंदीत तो गळतो. मलप्रभेचे पाणी मात्र वरून, खानापूर तालुक्यातील कणकुंबीहून येते, आणि म्हादईचा उगमही याच तालुक्यात देगावजवळ आहे. तेथील 190.42 चौरस किलोमीटरचे भीमगड अभयारण्य 2011 मध्ये घोषित झाले. त्याच्या बारापेडे गुहेत जगात फार थोड्या ठिकाणी आढळणारे एक वटवाघूळ राहते. खानापूरचे हे जंगल कलादगी खोऱ्याच्या गाभ्याबाहेरचे असले तरी खाली मलप्रभेकाठच्या माळावर कोणतेही खोदकाम झाल्यास त्याला लागणारे पाणी मुख्यतः याच डोंगरातून आलेले असेल, म्हणून योजनेची हद्द खडकाच्या नकाशाने न आखता पाणलोटाने आखणे येथे अधिक योग्य ठरते. जंगलातील गावांचे सामूहिक हक्क 2006 च्या वनाधिकार कायद्याखाली नोंदवून घेणे ही त्याची पहिली पायरी आहे. नोंद नसलेल्या वापराला पुढे हरकतीच्या वेळी पुरावा उरत नाही.

हरकत घ्यायची तर मसुदा आधी वाचता आला पाहिजे. आघात-अहवालाचा सारांश इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत द्यावा असा नियम आहे, पण कर्नाटकात तो व्यवहारात कानडीत निघतो. खानापुरातील अनेक गावांत घरात, ग्रामसभेत आणि शाळेत मराठीच चालते. भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या 1956 च्या संरक्षण-व्यवस्थेत, एखाद्या भागात अल्पसंख्याक भाषिकांचे प्रमाण 15 टक्के वा अधिक असल्यास महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात असे मान्य झाले आहे, आणि जमिनीच्या योजनेचा मसुदा महत्त्वाच्या सूचनांत मोडतो याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही.

पैशाच्या वाटपाबाबतही फरक लक्षात घ्यावा लागतो. अलास्कातील या क्षेत्राच्या उत्पन्नापैकी निम्मा भाग राज्याला मिळतो आणि त्यावर पहिला हक्क तेलाच्या कामाची झळ सर्वाधिक बसणाऱ्या गावांचा, असे कायद्यातच लिहिले आहे. भारतात 2015 नंतर खाणबाधित गावांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठाने झाली, परंतु ती ज्या खनिज कायद्याखाली आहेत त्याच्या कक्षेतून खनिज तेल वगळलेले आहे. त्यामुळे चंदगड किंवा राधानगरीच्या सड्यावरील बॉक्साइटच्या खाणीतून असा निधी उभा राहू शकतो, पण रामदुर्गच्या माळावर उद्या तेल लागले तर बाधित गावांसाठी तशी तरतूद परवान्याच्या अटींतच वेगळी करून घ्यावी लागेल.