शेताला चुना लावताना

मध्यंतरी आमच्या एका व्हॉट्सॲप गटावर जाहिरात आली: एकरी एक डबा पावडर टाका, तीन महिन्यांत जमिनीतले सगळे जड धातू 'नष्ट'. डब्यात काय आहे ते लिहिलं नव्हतं, किंमत मात्र ठळक होती. मी इतकंच विचारलं, नष्ट म्हणजे जातात कुठे? कॅडमिअम, शिसं, आर्सेनिक ही मूलद्रव्यं. ती कुजत नाहीत, जळत नाहीत, कुठल्या जिवाणूने पचवली म्हणून संपत नाहीत. (आर्सेनिक हा धड धातूही नाही, पण या पंगतीत तो नेहमीच बसतो.) थोड्या वेळाने एका काकांनी लिहिलं, "मग करायचं काय?"

करण्यासारखं बरंच आहे. धातू घालवता आला नाही तरी जागच्या जागी जखडून ठेवता येतो.

जपानच्या तोयामा प्रांतात जिन्झू नावाची नदी आहे. वरच्या अंगाला कामिओकाची जस्त-शिशाची खाण. खाणीतलं कॅडमिअम नदीत, नदीचं पाणी भातशेतीत, भात ताटात. वर्षानुवर्षं तो भात खाणाऱ्यांची, त्यातही पन्नाशीच्या पुढच्या बायकांची, मूत्रपिंडं बिघडली आणि हाडं ठिसूळ झाली. रोगाला नाव पडलं 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. १९६८ साली जपान सरकारने त्याचं कारण कॅडमिअम असल्याचं मान्य केलं. पुढे तिथल्या आठशेहून अधिक हेक्टर शेतांवर नवी माती घालण्यात आली. ते काम २०१२ साली संपलं. एवढा पैसा आणि एवढा धीर कुठल्या शेतकऱ्याकडे असणार? म्हणून चुना.

मातीच्या बारीक कणांवर, कुजलेल्या पाल्यावर ऋणभार असतो. कॅडमिअमच्या आयनावर (म्हणजे विजेचा भार असलेल्या अणूवर) दोन धनभार, त्यामुळे तो या कणांना चिकटून बसतो. पण माती आम्लधर्मी असली की हायड्रोजनचे आयन उदंड होतात आणि जागा अडवतात. गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाडीच्या जनरल डब्यासारखी स्थिती: कॅडमिअमला बसायला जागा नाही, ते मातीतल्या पाण्यात उभं, आणि पाण्यात उभं असलेलंच मुळाच्या हाती लागतं. चुना हायड्रोजनला गाठतो, त्याचं पाणी करून टाकतो. जागा रिकाम्या होतात, कॅडमिअम बसतं. पीएच म्हणजे आम्लतेचं माप: सातच्या खाली आम्लधर्मी. तो एका अंकाने वाढला की हायड्रोजनचे आयन दहापट कमी होतात, हे लक्षात घेतलं म्हणजे थोड्याशा चुन्याने एवढा फरक का पडतो ते कळतं.

हे जांभ्याच्या आम्लधर्मी जमिनीला लागू. देशावरच्या काळ्या मातीत मुळातच चुनखडी, तिचा पीएच आठच्या आसपास. तिथे आणखी चुना ओतणं म्हणजे जमिनीला खरोखरच चुना लावणं. लोह आणि जस्त पिकाला मिळेनासं होईल.

आता माझ्या आवडीचा भाग: भाताचं खाचर.

चिखलणी करून पाणी बांधलं की काही दिवसांत मातीतला ऑक्सिजन संपतो. पण जिवाणूंना श्वसन चुकत नाही. ते ऑक्सिजनऐवजी आधी नायट्रेट वापरतात, ते सरलं की मँगनीजची ऑक्साइडं, मग लोहाची, आणि शेवटी सल्फेट. सल्फेटचं सल्फाइड होतं आणि कॅडमिअमला पकडतं. कॅडमिअम सल्फाइड पाण्यात जवळपास विरघळतच नाही. (चित्रकारांच्या पेटीतला कॅडमिअम यलो म्हणजे हेच.) उलट पाणी काढून टाकलं की भेगांतून हवा शिरते, सल्फाइडचं पुन्हा सल्फेट होतं आणि कॅडमिअम मोकळं सुटतं. नेमकं दाणा भरायच्या वेळी असं झालं तर ते दाण्यात उतरतं. म्हणून जपानमध्ये अशा भागांत भात निसवण्याच्या, म्हणजे लोंब्या बाहेर पडण्याच्या, आधी तीन आठवडे आणि नंतर तीन आठवडे पाणी हटू देऊ नये, असा सल्ला देतात.

मग पाणी कायमच बांधून ठेवावं? तिथे आर्सेनिक टपलेलं असतं. ते एरवी लोहाच्या ऑक्साइडांना चिकटून असतं. जिवाणूंनी ती ऑक्साइडं वापरून विरघळवली की आर्सेनिकचा आधारच गेला. शिवाय ऑक्सिजन नसताना त्याचं आर्सेनाइट होतं, ज्यावर साध्या पाण्यात भारच नसतो. म्हणजे चुन्याने मोकळ्या केलेल्या जागा त्याच्या काही कामाच्या नाहीत. आणि हे आर्सेनाइट भाताच्या मुळाला हुबेहूब सिलिकासारखं दिसतं. भाताला सिलिकाची भारी हौस. बेणताना पात हाताला कापते ती सिलिकामुळेच. मुळातलं सिलिकाचं दार, 'एलएसआय-१' हे प्रथिन, ओकायामा विद्यापीठाच्या जिआन फेंग मा यांच्या गटाने २००६ साली शोधलं. दोनच वर्षांत कळलं की आर्सेनिकही त्याच दाराने आत येतं. कॅडमिअम येतं ते मँगनीजच्या दाराने. हे दार मोडलेला कोशिहिकारी जातीचा भात जपानी शास्त्रज्ञांनी कार्बन आयनांचा मारा करून २०१२ साली तयारही केला.

थोडक्यात, कोरड्यात कॅडमिअम, ओल्यात आर्सेनिक. पश्चिम बंगाल-बांगलादेशात आर्सेनिकयुक्त भूजलावर उन्हाळी भात होतो, तिथे हा पेच नुसता वहीतला नाही.

यातून वाट काढणारी गोष्ट गिरणीबाहेर ढिगाने पडलेली असते: तूस. तुसाच्या राखेत ऐंशी टक्क्यांहून जास्त सिलिका. तूस किंवा राख शेतात घातली की मातीच्या पाण्यात खरा सिलिका वाढतो, दाराशी त्याचीच गर्दी होते आणि आर्सेनिकला शिरकाव कमी मिळतो. ताजा पेंढा गाडला तर मात्र जिवाणूंना मेजवानी, आणि आर्सेनिक आणखी सुटू शकतं. जपानी शेतकरी पोलाद कारखान्याच्या धातुमळीतलं (स्लॅगमधलं) कॅल्शिअम सिलिकेट गेली अनेक दशकं भाताला घालतात. त्यात सिलिकाही आहे आणि आम्ल मारायचा गुणही.

शेणखतही धातू धरतं, पण गाय पवित्र आहे म्हणून नव्हे; कुजलेल्या द्रव्यातल्या कार्बोक्सिल नावाच्या ऋणभारी अणुगटांमुळे. ते काम म्हशीच्या शेणानेही होतं. आणि 'सेंद्रिय म्हणजे विषमुक्त' म्हणणाऱ्यांनी खत नियंत्रण आदेश उघडून पाहावा: शहरी कचऱ्याच्या कंपोस्टमध्ये किलोला ५ मिलिग्रॅम कॅडमिअम आणि १०० मिलिग्रॅम शिसं ही कमाल मर्यादा घालावी लागली आहे. कचऱ्यात बॅटऱ्या जातात, आणि कुजवल्याने धातू तसूभरही घटत नाही.

काकांनी शेवटी आपल्या मृदा आरोग्य पत्रिकेचा फोटो पाठवला. बारा रकाने: नत्र, स्फुरद, पालाश, जस्त, लोह वगैरे. कॅडमिअम नाही, आर्सेनिक नाही. त्यासाठी वेगळी तपासणी करावी लागते. पीएचचा रकाना होता. त्यात ५.६ लिहिलेलं होतं.