सांताचा लाल कोट: लाकडी ठशापासून शिळाछापापर्यंत

सांताला लाल कोट कोका-कोलाने चढवला, असं दर डिसेंबरात कुणीतरी सांगतंच. चित्रकार हॅडन सनडब्लॉमने कंपनीसाठी सांता रंगवायला घेतला तो 1931 मध्ये. पण न्यूयॉर्कच्या ‘पक’ या विनोदी साप्ताहिकाच्या मुखपृष्ठांवर विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांतच लाल-पांढऱ्या वेशातला सांता आहे.

त्याहून जुना एक प्रसिद्ध सांता काळा-पांढरा. थॉमस नास्टने तो 3 जानेवारी 1863 च्या ‘हार्पर्स वीकली’त काढला (हे साप्ताहिक विनोदी नव्हे, पण नास्ट हाडाचा व्यंगचित्रकार). अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या छावणीत सैनिकांना भेटी वाटणारा सांता. अंगात चांदण्यांचा कोट, पट्ट्यापट्ट्यांची विजार, म्हणजे अमेरिकेचा झेंडाच. अशी चित्रं लाकडी ठशांवरून छापायचे, आणि हे ठसे बॉक्सवुडचे. या झाडाचा बुंधा बारीक, म्हणून मोठ्या चित्रासाठी लहान ठोकळे मागून बोल्टने आवळायचे. घाई असली की ठोकळे सुटे करून चार-पाच कोरक्यांत वाटायचे. जोड नीट बसला नाही, की छापात सरळ पांढरी रेघ उमटते. जुन्या अंकांत ती भिंगाशिवायही दिसते.

जोसेफ केपलरने ‘पक’ न्यूयॉर्कमध्ये 1876 ला जर्मनमधून आणि मार्च 1877 पासून इंग्रजीतून काढला. मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि मधलं जोडपान ही त्याची रंगीत मिरासदारी, आणि रंग आले ते शिळाछापामुळे. चुनखडीच्या घासलेल्या शिळेवर तेलकट खडूने उलटं चित्र काढायचं, डिंक आणि सौम्य आम्ल लावायचं, शिळा ओली करायची. पाणी कोऱ्या जागी थांबतं, शाई फक्त तेलकट रेघेला धरते. रवि वर्मांच्या छापखान्यातली रंगीत देवदेवतांची चित्रंही याच तंत्राची.

प्रत्येक रंगाला वेगळी शिळा, तेवढ्याच वेळा कागद दाबाखाली. मधल्या वेळात दमट हवेने कागद जरा जरी फुगला, की शिळा एकावर एक नेमक्या बसवायच्या खुणा जुळत नाहीत आणि कोटाचा लाल दाढीच्या कडेला चढतो. अशी प्रत बाद समजू नये. असा दोष अस्सल प्रतीतही असतो.

नक्कल ओळखायला दहापट भिंग पुरतं. ‘पक’च्या 1880-90 च्या अंकांत सांताच्या गालावर खडूचे ओबडधोबड, हाताने टाकलेले ठिपके दिसतात. आजच्या ऑफसेट प्रतीत तिथे एकसारख्या ठिपक्यांची जाळी असते. 1910 च्या आसपासच्या अंकांना मात्र ही कसोटी लावू नका. तेव्हा मूळ छपाईतच जाळी आली होती.