लुइसचा पाच नोव्हेंबर: आधी आगीवर बंदी, आता पाहुण्यांवर

ऑक्टोबर संपत आला की दक्षिण इंग्लंडमधल्या लुइस गावाच्या नावाने दरवर्षी एक आवाहन निघतं. त्याचा मतलब एवढाच: तुम्ही बाहेरगावचे असाल तर कृपया येऊ नका. पोलीस, कौन्सिल, रेल्वे आणि अग्निशमन दल तर हे सांगतातच, पण ज्यांचा ५ नोव्हेंबरचा मशाली-मिरवणुकांचा उत्सव आहे ती गावातली बॉनफायर (म्हणजे उघड्यावर पेटवलेली मोठी आग) मंडळंही तेच सांगतात. ५ नोव्हेंबरला संध्याकाळी पाचच्या सुमाराला गावात येणारे रस्ते बंद होतात, ते मध्यरात्र उलटल्यावर उघडतात. हमरस्त्यावर लावलेल्या गाड्या दुपारीच हलवाव्या लागतात. अलीकडच्या वर्षांत संध्याकाळी लुइस स्टेशनवर गाड्याही थांबत नाहीत. उत्सवाची जाहिरात करायची सोडून गर्दी टाळा म्हणून विनवणारं गाव विरळाच.

यामागे गर्दीचा हिशोब आहेच, पण त्याहून जुनं भांडणही आहे. या गावाची आग विझवायला सरकारने एकेकाळी लंडनहून पोलीस आणले होते. आज तेच पोलीस आणि तीच मंडळं एका टेबलाशी बसून रस्ते कधी बंद करायचे ते ठरवतात.

आधी गावाची ठेवण सांगायला हवी, नाहीतर बंदोबस्त समजत नाही. ससेक्समधल्या साउथ डाउन्स टेकड्या कापून ऊझ नदी समुद्राकडे जाते, त्या खिंडीत लुइस वसलंय. वस्ती सतराएक हजारांची. वर नॉर्मन काळातला किल्ला, त्याच्या अंगाने हाय स्ट्रीट, मग स्कूल हिलचा तीव्र उतार, खाली नदीवरचा पूल आणि पलीकडे क्लिफ हा जुना भाग. हाय स्ट्रीटला दोन्ही बाजूंनी चिंचोळे बोळ फुटतात, त्यांना तिथले लोक ‘ट्विटन’ म्हणतात. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावं, एवढी त्यांची रुंदी. अशा गावात त्या एका रात्री मिरवणुकीत पाच हजारांपर्यंत माणसं असतात, आणि बघ्यांचा आकडा काही वर्षी ८० हजारांपर्यंत गेल्याचे अंदाज आहेत.

आता इतिहास. १५५५ ते १५५७ या काळात, कॅथलिक राणी मेरी पहिली हिच्या राजवटीत, लुइसमध्ये १७ प्रोटेस्टंटांना जिवंत जाळण्यात आलं. जागा म्हणजे हाय स्ट्रीटवरची स्टार इन ही खाणावळ. आज तिथे टाउन हॉल आहे. पहिला होता डेरिक कार्व्हर, ब्रायटनचा दारू गाळणारा. मूळचा फ्लँडर्सकडचा. त्याला एका पिंपात उभं केलं आणि त्याचं बायबलही त्यात टाकलं. त्याने ते उचलून गर्दीत भिरकावलं, तेव्हा शेरीफने हुकूम सोडला की पुस्तक परत आत टाका, नाहीतर जिवाला मुकाल. असं त्या काळच्या प्रोटेस्टंट हुतात्म्यांच्या चरित्रात लिहिलंय. हाय स्ट्रीटवर आगीभोवती जमलेल्या गर्दीला सरकारने दिलेला एवढा जुना हुकूम माझ्या माहितीत दुसरा नाही. २२ जून १५५७ला तर दहा जणांना एकाच चितेवर जाळलं. त्यांत वॉरबल्टनचा रिचर्ड वुडमन हा लोखंडाचा कारखानदार होता.

या हुतात्म्यांचा आणि ५ नोव्हेंबरचा तसा थेट संबंध नाही. ती तारीख १६०५ची. काही कॅथलिकांनी पार्लमेंटच्या तळघरात दारूगोळा भरून राजा जेम्ससकट सगळं उडवून द्यायचा कट रचला होता. दारूगोळ्यापाशी गाय फॉक्स पकडला गेला. लगेच पार्लमेंटने कायदा करून टाकला: दरवर्षी ५ नोव्हेंबरला चर्चमध्ये आभाराची प्रार्थना झालीच पाहिजे. म्हणजे हा दिवस साजरा करणं सुरुवातीला कायद्याने सक्तीचं होतं! हा कायदा १८५९पर्यंत पुस्तकात राहिला. त्या मुदतीतली शेवटची काही दशकं लुइसची पोरं तोच दिवस साजरा करताना पोलिसांच्या हाती लागून शिक्षा भोगत होती, ही त्यातली गंमत.

कारण १८२०च्या दशकापासून या दिवसाचा नूर पालटला. ‘बॉनफायर बॉइज’ म्हणवणारी टोळकी तोंडाला काजळी फासून रस्त्यावर उतरू लागली, ओळख पटू नये म्हणून. पेटती डांबराची पिंपं उतारावरून घरंगळत सोडायची, भर रस्त्यात आग पेटवायची, फटाके उडवायचे. १८२९मध्ये व्हिटफील्ड नावाचे दंडाधिकारी पुलावर गर्दीला आडवे गेले, तेव्हा धक्काबुक्की झाली. १८४०मध्ये पूर्व ससेक्सचं पोलीस दल उभं राहिलं आणि पुढच्याच वर्षी त्याने क्लिफच्या पोरांवर हात टाकला. रस्त्यारस्त्यांतून पळापळ, मारामारी, वीसच्या आसपास जणांची धरपकड. त्याने काही फरक पडला नाही.

कळस झाला १८४७मध्ये. लंडनहून पोलिसांची कुमक मागवली गेली. लॉर्ड चिचेस्टर यांनी काउंटी हॉलच्या पायऱ्यांवर उभं राहून जमावापुढे दंगल कायदा वाचला. हा कायदा नुसता वाचून दाखवणं हीच कारवाई असे. वाचल्यावर तासाभरात पांगला नाहीत तर पुढे जे होईल त्याला तुम्ही जबाबदार. झटापट झाली, डोकी फुटली. दुसऱ्या वर्षी उत्सव तेव्हा गावाबाहेर असलेल्या वॉलँड्सच्या मोकळ्या जागेत हलवला गेला. अधिकाऱ्यांना वाटलं असेल, जिंकलो.

पण १८५०मध्ये पोपने इंग्लंडमध्ये कॅथलिक बिशपांची रचना पुन्हा सुरू केली आणि देशभर प्रोटेस्टंटांचा संताप उसळला. कालपर्यंत ‘दंगेखोर’ ठरलेली पोरं एकाएकी देशभक्त झाली. आग पुन्हा हाय स्ट्रीटवर आली.

नंतर १८५३मध्ये जे घडलं त्यावर लुइसची परंपरा तगली, असं माझं मत. त्या वर्षी क्लिफ आणि बरो अशी दोन मंडळं रीतसर स्थापन झाली, १८५५मध्ये कमर्शियल स्क्वेअर आलं. पोरांच्या टोळ्यांना नाव, पदाधिकारी, वर्गणी, ठरलेला मार्ग आणि ठरलेला पोशाख मिळाला. आडव्या पट्ट्यांचा जाड स्वेटर आजही तोच आहे: क्लिफचा काळा-पांढरा, बरोचा निळा-पांढरा, कमर्शियल स्क्वेअरचा काळा-सोनेरी. गणपतीच्या मंडळांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना यातलं मर्म लगेच कळेल: पोलिसांना बोलणी करायला समोर कोणीतरी लागतं. बेनाम जमावाशी करार होत नाही, अध्यक्ष-चिटणीसांशी होतो. मिरवणूक इतक्या वाजता निघेल, अमुक वळणावर वळेल, पिंपं आमचेच लोक सांभाळतील, हे सगळं मंडळांनी अंगावर घेतलं.

लंडनच्या नैऋत्येला, सरे परगण्यातल्या गिल्डफर्डमध्येही असाच धुमाकूळ होता. तिथे १८६०च्या दशकात लष्कर आणून तो मोडून काढला. लुइसमध्ये तडजोड झाली म्हणून आग उरली.

रस्ते बंद करण्यामागचा कायदाही त्याच धामधुमीच्या वर्षातला. १८४७चा टाउन पोलीस क्लॉजेस अॅक्ट हा काही लुइससाठी केलेला नव्हता, इंग्लंडभरच्या गावांसाठी होता. पण त्याचं कलम २८ वाचलं की लुइसचं वर्णनच वाटावं: रस्त्यात आग पेटवणं, फटाके फेकणं किंवा पेटवणं हे गुन्हे. आणि कलम २१ सांगतं की मिरवणुका आणि सार्वजनिक जल्लोषाच्या वेळी रस्त्यात अडथळा होऊ नये म्हणून स्थानिक संस्थेला वाहनांचा मार्ग ठरवून देता येईल. इंग्लंडमधल्या कौन्सिला मिरवणुकीसाठी रस्ते बंद करताना अजून या कलम २१चाच आधार घेतात. एकाच कायद्यात सात कलमांच्या अंतरावर आग गुन्हाही आहे आणि तिच्यासाठी रस्ता मोकळा करायची सोयही आहे. आपल्याकडे विसर्जनाच्या दिवशी वाहतूक वळवण्याच्या अधिसूचना निघतात त्यांत मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५चा हवाला असतो, तो कायदा १९८८चा. लुइसचं शस्त्र त्याहून १४१ वर्षांनी जुनं.

विसाव्या शतकातला बराचसा भाग झरकन सांगता येतो. १९०१मध्ये गावाच्या पूर्वेच्या टेकडीवर हुतात्म्यांचा स्तंभ उभारला. साउथ स्ट्रीटचं मंडळ १९१३चं, वॉटर्लूचं १९६४चं. साउदोव्हर १८८६पासूनचं, मध्ये १९८५मध्ये बंद पडून २००५मध्ये पुन्हा सुरू झालं. दोन्ही महायुद्धांत आग पेटली नाही. दुसऱ्या युद्धात ब्लॅकआउट होता, उघड्यावर उजेड दिसणंच धोक्याचं. १९८०मध्ये त्याच स्तंभाच्या टेकडीच्या पोटातून कुइलफेल बोगदा गेला, त्यामुळे एरवी क्लिफच्या अरुंद रस्त्यात अडकणारी बरीच वाहतूक बाहेरच्या बाहेर जाऊ लागली. पुढची बंधनं २०२०ची, कोविडची. २०२१मध्ये मिरवणुका परतल्या.

आता त्या संध्याकाळी हाय स्ट्रीटवर काय दिसतं ते पाहू. दुपारपासून दुकानांच्या काचांवर प्लायवूडच्या फळ्या ठोकण्याचा आवाज. दारू देणारे गुत्ते काचेचे ग्लास आत ठेवून प्लॅस्टिकचे काढतात. अंधार पडला की सहा मंडळांच्या मिरवणुका गावाच्या वेगवेगळ्या अंगांनी निघतात. हातात लाकडी दांड्याच्या मशाली, टोकाला चिंध्या बांधून पॅराफिनमध्ये म्हणजे आपल्या रॉकेलसारख्या तेलात भिजवलेल्या. त्या मंडळांचे लोक महिनोन् महिने बसून हाताने बनवतात. मशाल विझत आली की ती सरळ रस्त्यावर टाकून देतात, आणि मागून येणारी हातगाडी ती धुमसती लाकडं उचलत जाते. सतरा पेटते क्रूस येतात, प्रत्येक हुतात्म्याचा एक. स्कूल हिलच्या माथ्यावरच्या युद्धस्मारकाला पुष्पचक्र वाहतात, तेवढा वेळ सगळं शांत. मग पेटती पिंपं ओढण्याची शर्यत, आणि क्लिफच्या पुलावरून एक पिंप ऊझ नदीत फेकलं जातं. पाच मंडळं एकत्र मिरवणूक काढतात. क्लिफ त्यांत नसतं. त्याचा मार्ग आणि हेका वेगळा. ‘नो पॉपरी’चा (म्हणजे ‘पोपचा पंथ नको’चा) फलक ते अजून मिरवतात, आणि त्यावरून वादही अजून होतात. शेवटी सगळे गावाबाहेरच्या आपापल्या मैदानात जातात. मोठी आग आणि शोभेची दारू तिथे.

यात पायाशी आदळणाऱ्या ‘रूकी’ वेगळ्याच. शेतातले कावळे हुसकावण्यासाठीचे हे दणकेबाज बार. रस्त्यात फटाका फेकणं १८७५च्या स्फोटक कायद्याखालीही गुन्हा आहे. तरी ते फुटतात, आणि पोलिसांची मंडळांशी कुरबुर बहुतेक त्यांवरूनच होते.

मग बंदी बाहेरच्यांवर का आली? कारण मंडळं स्वतःच्या माणसांची जबाबदारी घेऊ शकतात, ब्रायटनहून मजा बघायला आलेल्या घोळक्यांची नाही. लंडन, ब्रायटन, ईस्टबोर्न आणि सीफर्डकडचे रेल्वेमार्ग लुइसला मिळतात, म्हणून येणं सोपं. परतताना मात्र हजारो माणसं एकाच वेळी त्या मध्यम आकाराच्या स्टेशनात शिरतात. प्लॅटफॉर्मच्या कडेला चेंगराचेंगरी होण्याची भीती खरी होती. गेल्या दशकाच्या उत्तरार्धात रेल्वेने आधी गाड्या कमी केल्या, मग संध्याकाळनंतर थांबाच काढून घेतला. लुइस बंद असताना लोकांनी शेजारी उतरून चालत येऊ नये म्हणून ग्लाइंड, कुक्सब्रिज अशी छोटी स्टेशनंही त्यात आली. निर्णय मला बरोबर वाटतो. पण त्याचा फटका रोज ब्रायटनला किंवा लंडनला कामाला जाणाऱ्या लुइसकरांनाच बसतो. पाचच्या आत घर गाठायचं, म्हणजे अर्ध्या दिवसाची रजा. ज्याचा सण त्यालाच धावपळ.

उत्सव सोयीच्या शनिवारी घ्या, असं दरवेळी कोणीतरी सुचवतं. ससेक्समधली बाकीची गावं तसंच करतात. तिथला बॉनफायरचा हंगाम सप्टेंबरपासून नोव्हेंबर अखेरपर्यंत चालतो, प्रत्येक गावाचा आपला शनिवार, त्यामुळे एका गावची मंडळं दुसऱ्याकडे पाहुणी जातात. लुइस मात्र तारीख सोडत नाही. रविवार आला तरच एक दिवस आधी. आठवड्याच्या मधल्या वारी तारीख पडली की गर्दी आपोआप आटोक्यात राहते, हा त्यातला न बोललेला फायदा. म्हणून बंदोबस्त ठरवणारे आधी कॅलेंडर बघतात. २०२६मध्ये ५ नोव्हेंबर गुरुवारी येतो, २०२७मध्ये शुक्रवारी. २०२८मध्ये रविवार, म्हणजे मिरवणूक शनिवारी ४ तारखेला. इंग्लंडमधल्या ज्या मराठी घरांत दिवाळीच्या आसपास ‘लुइसला जाऊ या का’ असा विषय निघतो, त्यांनी ही शेवटची दोन वर्षं तरी टाळलेली बरी. बाहेरून आलेल्यांसाठी ससेक्सच्या इतर गावांचे शनिवार आहेतच.